नेमकं अडलंय कोण? ‘डिस्टोशिया’ या शब्दाविषयी

बाई अडली, मूल अडलं, बाळंतपण अडलं. मराठीत तिन्ही म्हणता येतं. केसपेपरवर मात्र या तिन्हींसाठी एकच शब्द येतो, डिस्टोशिया. मूळ ग्रीक शब्द ‘डुस्टोकिया’. ‘डुस्’ म्हणजे वाईट, अवघड आणि ‘टोकोस’ म्हणजे जन्म.

यातला ‘डुस्’ आपल्या घरचाच आहे. दुष्काळ, दुर्गंध, दुःसह यांतला ‘दुस्’ आणि तो एकाच मुळाचे. डिस्लेक्सिया, डिस्पेप्सिया यांत तोच बसलाय. डिसलोकेशनमधला ‘डिस’ मात्र लॅटिन, त्याचा अर्थ ‘वेगळं, दूर’. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गल्लत होते. सुखरूप बाळंतपणाला ग्रीकमध्ये ‘युटोकिया’ म्हणत. हा ‘यु’ म्हणजे आपल्या ‘सु’चा भाऊ.

‘टोकोस’ची गंमत आणखी पुढची. ग्रीकमध्ये याच शब्दाचा दुसरा अर्थ व्याज. ॲरिस्टॉटलने त्याचं कारणही दिलंय: पैशाला पैसा होतो, आणि पोर आईबापासारखंच असतं. (आपलं ‘व्याज’ आणि गाईचं ‘व्याणं’ यांत असलं नातं शोधू नये. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, बहाणा.) कळा आणणारं संप्रेरक ऑक्सिटोसिन, त्याच्या नावातही हाच टोकोस आहे. ‘ऑक्सुस’ म्हणजे तीक्ष्ण, जलद, म्हणून ऑक्सिटोसिन म्हणजे जलद प्रसव. १९०६ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसताना दिसलं. १९५३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ते संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सुश्रुतसंहितेतला शब्द मला सगळ्यांत आवडतो: मूढगर्भ. मूढ म्हणजे वाट चुकलेला, गोंधळलेला. निदानस्थानाचा आठवा अध्याय आणि चिकित्सास्थानाचा पंधरावा अध्याय याच विषयावर आहेत. तिथे कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे चार प्रकार दिलेत. परिघ म्हणजे दाराला आतून लावायचा अडसर. आडव्या आलेल्या मुलाला याहून चांगली उपमा सुचणार नाही. मूल जिवंत असेल तर शस्त्र लावू नये, हेही तिथे बजावलंय. आणि मेलेला गर्भ कापून काढायची वेळ आलीच तर मंडलाग्र हे गोल टोकाचं शस्त्र वापरावं, कारण वृद्धिपत्र या दुसऱ्या शस्त्राच्या तीक्ष्ण टोकाने बाईला इजा होते. ही सूचना पुस्तकी वाटत नाही, हात घातलेल्या माणसाची वाटते.

म्हणजे ग्रीक शब्द दोष जन्माला देतो, संस्कृत शब्द गर्भाला आणि मराठी बोली बहुतेकदा बाईला. खरं तर डिस्टोशिया हे निदान नाहीच, ती तक्रार आहे. ‘ताप आहे’ म्हणण्यासारखी. अडलं कशात, हे पुढे शोधावं लागतं. जागा तीनच: कळा, मूल आणि वाट.

कळा आधी बघायच्या. जोरात आलेल्या बाळंतपणात दहा मिनिटांत तीन ते पाच कळा येतात आणि प्रत्येक निदान ४० सेकंद टिकते. यापेक्षा कमी असतील तर गर्भाशय कमी पडतंय. इथे घाई फार होते. गर्भाशयाचं तोंड २-३ सेंमी उघडलेलं असताना तासन्‌तास काही हललं नाही, तर त्याला अडणं म्हणत नाहीत. पूर्वीच्या पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायच्या तक्त्यावर, ४ सेंमीपासून तासाला १ सेंमी अशी इशारा रेषा आखत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाचा सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड वेगाने उघडायचा काळ, ५ सेंमीपासून धरला आणि तासाला १ सेंमीचा वेग प्रत्येकीकडून अपेक्षू नये असं सांगितलं.

मग मूल. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर डोक्याचा साधारण ९.५ सेंमीचा व्यास वाटेत येतो. मान ताठ राहिली की तोच ११.५ होतो आणि कपाळ पुढे आलं की १३.५ च्या आसपास जातो. मूल तेच, डोकंही तेच, फक्त मान वाकलेली नाही. कटिराच्या, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याच्या, आतल्या तोंडाचा पुढून मागचा व्यास १०.५-११ सेंमीच्या घरात असतो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. म्हणून ‘मूल मोठं आहे’ हे उत्तर बऱ्याचदा अर्धवट असतं. पायाळू मुलाच्या पायात गुण असतो म्हणतात. बाळंतपणात मात्र त्याचं डोकं शेवटी येतं आणि वाटेप्रमाणे आकार घ्यायला त्याला वेळच मिळत नाही.

वाटच अरुंद असेल, किंवा मूल आडवं असेल, तर ते खरं अडणं. अशा वेळी कळा वाढवायचं इंजेक्शन म्हणजे बंद दारावर धडका. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून पातळ होतो आणि पोटावर आडवी खाच दिसू लागते. ती दिसली म्हणजे गर्भाशय फाटायच्या बेतात आहे. डोकं तासन्‌तास एकाच जागी रुतून बसलं तर मूत्राशयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो. काही दिवसांनी तिथे भोक पडतं आणि लघवी सतत ठिबकत राहते.

खांदा अडणं हा प्रकार अगदीच वेगळा. डोकं बाहेर येतं आणि कासवासारखं परत आत ओढलं जातं, कारण वरचा खांदा जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे, अडकलेला असतो. इथे घड्याळ मिनिटांचं. आईच्या मांड्या पोटाशी घट्ट दुमडायच्या आणि जघनास्थीच्या लगेच वर, ओटीपोटावर दाब द्यायचा. पोटाच्या वरच्या टोकाला दाबायचं नाही. ती सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तिने खांदा आणखी रुततो. डोकं खेचलं तर मानेतल्या नसा ताणतात आणि बाळाचा हात लुळा पडतो.

गोठ्यातही शब्द तोच, म्हैस अडली. म्हशीत याचं नेहमीचं कारण म्हणजे गर्भाशयाला पडलेला पीळ. डॉक्टर हात घालतात तेव्हा वाट दोरीसारखी वळलेली लागते. अशा वेळी रेडकू ओढायला माणसं गोळा करून उपयोग नसतो. म्हशीला आडवं पाडून, पोटावर फळी टेकवून, ज्या बाजूला पीळ त्याच बाजूला लोळवतात. गर्भाशय जागेवर राहतं, म्हैस त्याच्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो.