क्लीव्हलँड सेज: दुसरा उन्हाळा, पाणी बंद

तर सॅन डिएगोच्या अंगणातलं आमचं क्लीव्हलँड सेज, म्हणजे एक सुवासिक झुडूप, आता कमरेएवढं झालंय. झाड इथलंच, ही काउंटी आणि खाली मेक्सिकोतलं बाहा कॅलिफोर्निया हेच त्याचं मूळ गाव, त्यामुळे लाड केले तर रुसतं. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात एक गॅलनची कुंडी आणून लावलं, कारण इकडे पाऊस हिवाळ्यात, त्या थंड ओल्या महिन्यांत मुळं मस्त खाली जातात. माती आमची चिकण, टेस्टसाठी खड्ड्यात पाणी भरलं तर दुसऱ्या दिवशीही तळाला साचलेलं, मग तीच माती ओढून फूटभर उंचवटा केला आणि झाड त्याच्या माथ्यावर. खत नाही, कंपोस्ट नाही, मल्च (मातीवरचं पांघरूण) म्हणून बारीक खडी, तीही खोडापासून वीतभर लांब.

जूनमध्ये फुललं ते काय सांगू! एकाच दांडीवर जांभळट निळे झुबके मजल्यासारखे एकावर एक, सकाळी हमिंगबर्ड, दुपारी काळे भुंगे, आणि हे भुंगे चक्क फुलाच्या बुडाला भोक पाडून मध पळवतात. वासासाठी पान चुरगळायलाही नको, गरम दुपारी नुसतं शेजारून गेलं तरी दरवळ. तुळशीच्याच कुळातलं आहे, दांडी चौकोनी लागते हाताला.

आता ऑगस्ट. पानं आक्रसली, राखाडी पडली, खालची बरीचशी गळली. सासूबाई नाशिकहून आल्यात, त्यांचा जीव वरखाली, "अगं तांब्याभर घाल तरी". आई, नका ना घालू, हे रोज सांगते. गरम माती ओली राहिली की मुळं कुजतात, आणि मग झाड आठवड्यात उभ्याउभ्या जातं. पानं टाकून ते पाणी वाचवतंय, मेलेलं नाहीये, फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवीच. पहिल्या उन्हाळ्यात मात्र महिन्यातून एखाददोनदा खोलवर पाणी दिलं होतं, तेवढं नव्या रोपाला लागतंच.

वाळलेले झुबके तसेच ठेवलेत, गोल्डफिंच हे चिमुकले पक्षी बियांवर तुटून पडतात. छाटणी पाऊस सुरू व्हायच्या आधी, तिसरा हिस्सा वरून, जुन्या लाकडाला हात नाही, तिथून फुटवे येतील याचा भरवसा नसतो.

यंदा शेजारी व्हाइट सेज लावायचंय. ते नर्सरीत वाढवलेलंच घ्या प्लीज, धुरीच्या जुड्यांसाठी डोंगरावरून पोत्यांनी चोरलं जातं बिचारं. तुमच्यापैकी कोणी क्लीव्हलँड सेजचाच 'विनिफ्रेड गिलमन' हा वाण लावलाय का, चिकणमातीत कसा टिकतोय?