ट्रेक नोंदणीचा फॉर्म, नोंद ४ : एका माणसाच्या दोन जागा

आमच्या ग्रुपच्या राजमाची ट्रेकला जागा ३०. परवा यादी काढली तर नोंदी ३० आणि माणसं २७! तिघांनी लोकलमधून फॉर्म भरला होता. रेंज गेली, पान हलेना, म्हणून बटण पुन्हा दाबलं. कोणीही दाबेल.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला: क्लिक झालं की बटण डिसेबल, म्हणजे बंद. क्रोममध्ये फॉर्म जागचा हललाच नाही. क्लिकच्या हँडलरमध्येच (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) बटण बंद केलं, तर बंद बटणाने सबमिट कसं होणार? मग तीच ओळ फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर, म्हणजे फॉर्म निघतानाच्या क्षणावर, नेली. रिकाम्या रकान्यावर ब्राउझर अडला तर हा इव्हेंट येतच नाही, त्यामुळे बटण उगाच अडकत नाही. फॉर्म जायला लागला, मी झोपलो.

सकाळी बघतो तर रात्रीच्या सगळ्या नोंदी प्रतीक्षा यादीत. फॉर्मला दोन बटणं आहेत, 'जागा पक्की करा' आणि 'प्रतीक्षा यादी'. कोडमध्ये दोघांचं नेम एकच, व्हॅल्यू वेगळी, आणि सर्व्हरवरचा पीएचपी कोड त्या व्हॅल्यूवरूनच यादी ठरवतो. ब्राउझर मात्र सबमिट इव्हेंट आटोपल्यावर डेटा गोळा करतो आणि डिसेबल्ड बटण त्यात घेत नाही. व्हॅल्यू आलीच नाही, कोड सरळ एल्समध्ये, म्हणजे 'नाहीतर'च्या फांदीत. (एल्समध्ये प्रतीक्षा यादी लिहिणारा शहाणाही मीच.) आता शून्याचा सेटटाइमआउट लावून, म्हणजे हातातलं काम संपल्यावर लगेच, बटण बंद करतो, तोवर डेटा गोळा झालेला असतो.

पण जावास्क्रिप्ट लोड व्हायच्या आत कोणी दोनदा दाबलं, तर बटणाचा काही उपयोग नाही. म्हणून फॉर्मच्या हिडन फील्डमध्ये (न दिसणाऱ्या रकान्यात) ३२ अक्षरी रँडम टोकन, म्हणजे त्या फॉर्मची ओळखखूण, घातलं. आधी ते सेशनमध्ये (सर्व्हरवरच्या त्या माणसाच्या तात्पुरत्या नोंदीत) ठेवून, फॉर्म आल्या आल्या पुसायचो. एकाने मोबाइल नंबर ९ आकडी टाकला, दुरुस्त करून पाठवला, तर त्याला 'फॉर्म कालबाह्य'. त्याचा फोन आला, थोडं ऐकून घेतलं. आता टोकन नोंदींच्याच टेबलात आहे, नॉट नल आणि युनिक, म्हणजे रिकामं चालत नाही आणि दोनदा तेच चालत नाही. त्याच टोकनची दुसरी रिक्वेस्ट आली की मायएसक्यूएल हा डेटाबेस १०६२ एरर देतो, म्हणजे 'ही नोंद आधीच आहे'.

ही एरर लोकांना दाखवायची नाही, हे मला उशिरा कळलं. दोनदा दाबल्यावर ब्राउझर पहिलं उत्तर सोडून देतो आणि दुसऱ्याची वाट बघतो. म्हणजे नोंद पक्की झालेल्या माणसाला नेमकी एररच दिसणार आणि तो तिसऱ्यांदा दाबणार. म्हणून १०६२ आली की त्या टोकनची जुनी नोंद शोधतो आणि ३०३ रिडायरेक्टने ('आता या पानावर जा' असं ब्राउझरला सांगून) तिच्याच पावतीवर पाठवतो. ईमेल फक्त इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद टेबलात घालणं, यशस्वी झालं तरच. पावतीचं पान कितीही रिफ्रेश करा, फॉर्म पुन्हा जात नाही.

उरलंय एक: आयफोनवर बॅक केलं की बटण अजून करडंच दिसतं, 'पाठवत आहे…'. सफारी पान जसंच्या तसं कॅशमधून (साठवलेल्या प्रतीतून) काढतं. पान दिसताना येणाऱ्या पेजशो इव्हेंटमध्ये पर्सिस्टेड (पान कॅशमधून आलं का, हे सांगणारी खूण) तपासून बटण पुन्हा चालू करायचंय. कोणाचा आयफोन तासभर मिळाला तर रविवारीच उरकतो.