राजमाचीची वाट आणि जागेवर राहिलेली बाटली

तुंगार्लीचा डांबरी रस्ता संपला की सायकल बोलायला लागते. आधी चेन फ्रेमवर आपटते, मग ब्रेकच्या केबल टकटक करतात आणि या सगळ्याखाली बाटलीचा खुळखुळ आवाज सुरू होतो. मागच्या वर्षी फेब्रुवारीत याच वाटेवर तो खुळखुळाट मध्येच थांबला, तेव्हा मला वाटलं आता दगड कमी झाले. दगड होते तेवढेच होते. बाटली पडली होती.

लोणावळ्यापासून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं उधेवाडी गाव पंधरा-सोळा किलोमीटर असेल. नकाशात बघितलं तर तासाभराचं काम वाटतं. पण ही वाट जीपची आहे, आणि जीपच्या चाकांनी पावसाळ्यात उकरलेले दगड उन्हाळ्याआधी सुटे होऊन वर येतात. नारळाएवढे, शहाळ्याएवढे, काही तर पाट्याएवढे सपाट आणि धारदार. चढ फार मोठे नाहीत, दम काढतात ते छोटे छोटे उतार, कारण तिथे वेग येतो आणि दोन्ही चाकं सारखी उडत राहतात. भाचा माझ्याबरोबर होता. त्याची सायकल दोन्हीकडे सस्पेन्शनवाली, माझी फक्त पुढे. त्याच्या पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी, माझ्याकडे ७५० मिलीची एकच बाटली, फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरच्या, म्हणजे डाउनट्यूबवरच्या, प्लास्टिकच्या केजमध्ये. केज म्हणजे बाटली धरून ठेवणारा सांगाडा.

वळवंड गाव मागे पडल्यावर एका चढाला पाणी प्यायला हात खाली नेला, तर बोटं रिकाम्या केजमध्ये गेली. सायकली करवंदाच्या जाळीला टेकवून आम्ही दोघं किलोमीटरभर चालत मागे गेलो. एका कोरड्या ओढ्यात, दोन दगडांच्या फटीत बाटली सापडली. झाकण निघालेलं, आत घोटभरसुद्धा पाणी नाही. दगडावर ओल होती तीही आमच्या डोळ्यांदेखत वाळत होती. साडेदहाच वाजले होते, पण ऊन चांगलंच चढलं होतं. दोघांत एक पिशवी पुरेल असा हिशेब करत निघालो आणि तो हिशेब फणसराईच्या अलीकडेच चुकला.

फणसराईत एका घरापुढे थांबलो. मावशी अंगण सारवत होत्या. काही न विचारता आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या, बरोबर गुळाचा खडा. "उन्हातनं आलीस, लगेच गटागटा पिऊ नको. टेक जरा," म्हणाल्या. मी टेकले. दाराशी हंडा आणि कळशी ठेवलेली होती, कळशीच्या काठाला चुंबळीचा धागा चिकटला होता. ते पाणी त्यांनी सकाळी विहिरीवरून डोक्यावर आणलं होतं. माझं पाऊण लिटर ओढ्यात सांडलेलं, आणि भरपाई त्यांच्या हंड्यातून होत होती. मला ते फार लागलं. घरी परतल्यावर पहिलं काम काय करायचं ते तिथेच ठरलं.

पुण्यात पेठेतल्या ज्या दुकानात मी सायकल दुरुस्तीला देते, तिथले काका बोलतात कमी. मी केज मागितला तर म्हणाले, "ताई, केज बाटलीला धरतो. आधी बाटली दाखवा." मी ती चरे पडलेली बाटली काढली. त्यांनी ती जुन्या केजमध्ये घातली, काढली, पुन्हा घातली, आणि मग मला सायकलवर बसवून म्हणाले, "आता तुम्ही चालवताना काढता तशी काढा."

तिथे खरी गोष्ट कळली. माझी उंची कमी, त्यामुळे फ्रेम लहान मापाची. वरची दांडी इतकी उतरती आहे की डाउनट्यूबवरची बाटली सरळ वर ओढली की दांडीला अडते. म्हणून मी वर्षभर ती बाटली तिरकी करून, केजचा एक कान बाहेर फाकवून काढत होते. दिवसातून वीस वेळा फाकवलेलं प्लास्टिक किती दिवस ताठ राहणार? त्यात गाडीच्या टपावर, उन्हात तापून ते आणखी सैल झालेलं. काकांनी केजचे दोन्ही कान चिमटीत धरून दाखवले. उजवा घट्ट होता, डावा मऊ पडला होता.

दुसरी गोष्ट बाटलीच्या गळ्याची. सायकलच्या बाटलीला वरच्या भागात एक खाच असते, सगळीकडे फिरलेली. केजला वर एक जीभ असते, ती त्या खाचेत जाऊन बसते. बाटली आत ढकलली की 'टक' असा आवाज येतो तो या जिभेचा. बाटलीला उडू न देण्याचं खरं काम ही जीभ करते, बाजूचे कान फक्त तिला डुगडुगू देत नाहीत. डाउनट्यूबवर बाटली तिरकी झोपलेली असते. चाक दगडावर चढलं की फ्रेम झटक्यात वर येते आणि लगेच खाली जाते, बाटली मात्र मिळालेल्या जोरावर वर जातच राहते. भरलेल्या बाटलीचं वजन पाऊण किलोच्या वर. जीभ खाचेत नसेल तर एवढं वजन प्रत्येक दगडाला थोडं थोडं वर सरकतं, आणि पंधरा-वीस दगडांत बाहेर पडतं. माझ्या बाटलीची खाच जुन्या केजच्या जिभेच्या बोटभर खाली येत होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला धरणारं कुणी नव्हतंच.

दुकानात मिळणारी लिटरची पाण्याची बाटली कितीतरी जण केजमध्ये कोंबतात, म्हणून सांगते. ती जाडीला जास्त असते आणि तिला त्या जागी खाच नसते. सायकलच्या बाटलीची जाडी साधारण ७३-७४ मिलिमीटर धरून बहुतेक केज बनतात. लिटरची बाटली न्यायचीच असेल तर जाडी कमी-जास्त करता येणारे केज मिळतात, तेच घ्यावेत. घरातली स्टीलची थर्मासची बाटली तर या वाटेवर आणूच नये. ती बारीक, गुळगुळीत आणि वजनदार असते. केजमध्ये ती खडखडते आणि सुटली तर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाते.

काकांनी चार-पाच केज समोर ठेवले. कार्बनचा एक होता, हातात घेतला तर पिसासारखा. पण आत पाऊण किलो पाणी ठेवायचं आणि केजमध्ये वीस-तीस ग्रॅम वाचवायचे, हे डोंगरातल्या सायकलीला मला पटत नाही. चुंबकाचा एक प्रकारही असतो, बाटली फिरवून लॉक होते आणि केज असा नसतोच. पकड उत्तम, पण त्याला त्याचीच बाटली लागते. ती रानात फुटली की दुसरी कुठली बसत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेचा केज मला मनापासून आवडतो, कारण तो सैल पडला तर हाताने दाबून पुन्हा घट्ट करता येतो. फ्रान्समध्ये पॅरिस ते रुबे ही १८९६ पासूनची शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते. तिथले काही मेकॅनिक धातूचे केज दाबून आवळतात आणि आतून खरखरीत पट्टी चिकटवतात, म्हणजे बाटल्या उडत नाहीत. आमचे काका तेच काम पंक्चर झालेल्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने करतात. केजच्या आत दोन पट्ट्या चिकटवल्या की रबर बाटलीला धरतं आणि खुळखुळाटही जातो.

माझ्या फ्रेमला मात्र बाजूने उघडणारा केजच हवा होता. बाटली वर न ओढता आडवी बाहेर येते, त्यामुळे दांडीचा प्रश्नच उरत नाही. यात डावा आणि उजवा असे दोन प्रकार असतात, आणि तो निर्णय घाईत करू नये. माझ्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. मी पाणी उजव्या हाताने पिते, म्हणजे त्या वेळी डाव्या हातात मागचा ब्रेक राहतो. सुट्या दगडांवर एका हाताने चालवताना चुकून पुढचा ब्रेक दाबला गेला तर तोंडावर आपटायला वेळ लागत नाही. म्हणून उजवीकडे उघडणारा घेतला. फायबर मिसळलेल्या ताठ प्लास्टिकचा आहे, जीभ चांगली रुंद आहे. साडेचारशे रुपये पडले. बाटलीही नवी घेतली, त्याच जिभेत 'टक' करून बसणारी.

बसवताना काकांनी एलन-की, म्हणजे बोल्टच्या षटकोनी खाचेत बसणारी किल्ली, माझ्याच हातात दिली. चार मिलिमीटरची की, पाच मिलिमीटरचे दोन बोल्ट, मध्ये ६४ मिलिमीटरचं अंतर. हे माप जवळपास सगळ्या सायकलींना सारखंच असतं, त्यामुळे कुठलाही केज कुठेही बसतो. बोल्टच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एकेक थेंब टाकला. लाल नको, तो कायमचा धरून बसतो. माझ्या जुन्या केजचा वरचा बोल्ट दोन आटे सैल निघाला होता, हादऱ्यांनी तसं होतंच. पण त्या भीतीने दात-ओठ खाऊन आवळायचं नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये आट्यांची पुंगळी नुसती दाबून बसवलेली असते. जास्त जोर लावला की ती जागेवरच फिरायला लागते, आणि मग बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो. बोटांत की धरून, मनगटाच्या जोरावर थांबेल तिथे थांबायचं.

मग काकांनी बाटली काठोकाठ भरली, सायकल उलटी केली आणि दोन्ही चाकं धरून चांगली गदागदा हलवली. नंतर सरळ करून पुढचं चाक फूटभर उचललं आणि सोडून दिलं. आठ-दहा वेळा. बाटली होती तिथेच होती. दुकानात रिकामी बाटली घालून बघण्याला काही अर्थ नाही, हे मी तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

भाच्याचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या फ्रेमच्या त्रिकोणात मागचं शॉकर आडवं आलंय, त्यामुळे केजची भोकं डाउनट्यूबच्या खालच्या अंगाला दिली आहेत. तिथे पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल आणि शेण थेट बाटलीच्या तोंडावर येतं. गुरांच्या वाटेवर त्या तोंडाने पाणी प्यायचं, हे मला मुळीच चालणार नव्हतं. तिथे त्याने आता पंक्चरचं सामान बांधलंय, केजमध्ये बसणाऱ्या डब्यात, वरून रबरी पट्टा आवळून. पाणी त्याचं पाठीवरच.

या फेब्रुवारीत पुन्हा निघालो. सहाला तुंगार्ली सोडली. उजाडताना सावरीची लाल फुलं वाटेवर सांडलेली दिसली, आणि शिरोता तलावाच्या पाण्यावर धुकं तरंगत होतं. मी पुढे, भाचा मागे. माझ्या बाटलीवर नजर ठेवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. प्रत्येक मोठा धक्का बसला की मागून हाक यायची, "आत्या, आहे!"

त्या कोरड्या ओढ्याशी मी उतरले नाही. ढुंगण सीटवरून उचललं, हात सैल सोडले आणि सायकल खाली जाऊ दिली. पुढचं सस्पेन्शन पूर्ण दबून आलं, चाक एका पाट्यावरून घसरलं, दुसऱ्यावर आदळलं, दात एकमेकांवर वाजले. पलीकडे चढल्यावर पाय टेकला. मागून आवाज नाही. वळून बघितलं तर भाचा ओढ्यात थांबून दम खात होता. मग ओरडला, "आहे गं!"

फणसराईत मावशी घरी होत्या. त्यांनी ओळखलं. पाणी आणायला आत वळल्या, तेव्हा मी बाटली काढून दाखवली, अर्ध्याहून जास्त भरलेली होती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग ताक घे." ताकाला मी नाही म्हटलं नाही.

उधेवाडीत सायकली एका घराच्या पडवीत लावल्या आणि भैरवनाथाच्या देवळापाशी चढून गेलो. तिथून एका हाताला श्रीवर्धन, दुसऱ्या हाताला मनरंजन, राजमाचीचे दोन बालेकिल्ले. आम्ही श्रीवर्धन चढलो. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. काठावर बसून मी बराच वेळ ते हिरवट, गार पाणी बघत होते. छिन्नीचे घाव कडेला अजून दिसतात. ज्याने ते खोदलं असेल त्याला उन्हाळ्यातल्या प्रत्येक घागरीचं मोल माहीत असणार. खाली उल्हास नदीचं खोरं पसरलं होतं आणि कोंढाणे लेण्यांकडे उतरणारी वाट झाडीत शिरत होती. ती पायी जायची वाट, सायकलीचं तिथे काम नाही.

गावात पिठलं, नाचणीची भाकरी आणि लसणाचा ठेचा जेवलो. निघण्याआधी मी पाण्याचं विचारून बाटली भरून घेतली, आणि की काढून दोन्ही बोल्ट तपासले. वरचा हलला नव्हता, खालचाही नाही. बाटलीच्या खाचेत मात्र जिभेने घासून एक पांढरी रेघ उमटली होती, केसाएवढी. आणखी सहा महिन्यांनी बाटली बदलावी लागेल, असं मनात नोंदवून ठेवलं.

परतताना भाचा पुढे गेला. सूर्य उतरला होता, जीपचा फुफाटा अजून हवेत होता. शेवटच्या मोठ्या उतारावर तो दिसेनासा झाला, आणि वळणापलीकडून त्याचा आवाज आला, "आत्या, आहे का?"

मी उजवा हात खाली नेला. बाटली धुळीने खरखरीत झाली होती, आणि उन्हाने कोमट.

"आहे रे," मी ओरडले.