तुम्ही विचारलंत म्हणून: ऊन तर पहिल्यापासूनच आहे ना?

३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा "सर, हे पेपरात येईल का?" यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. निवृत्त झालो आणि विचारणारे वाढले. लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला नदीवर, जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना, हवामान बदलाचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो. मांडणी थोडीफार बदलते, सूर तोच: "ऊन ते पहिलापाईनच शे ना सर, मंग नवं काय?"

प्रश्न वाईट नाही. विचारणारा येडा तर मुळीच नाही. खान्देशात ऊन होतंच. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचं लांबट खोरं. समुद्राचा वारा इथवर येईपर्यंत त्यात ओल उरत नाही. एप्रिल-मेमध्ये आभाळ मोकळं, शेतं रिकामी, काळी माती तव्यासारखी तापलेली. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की पुण्या-मुंबईच्या पेपरात बातमी येते, आम्ही मात्र डोक्याला रुमाल बांधून बाजारात जातो. आमच्या आजोबांनीही हेच केलं.

पण वर्गात मी एक गोष्ट सांगायचो. पहिला येणारा पोरगा दर वर्षी असतोच. त्याला ९५ टक्के पडले म्हणून शाळा सुधारली असं होत नाही. सुधारली की नाही ते बघायचं तर नव्वदच्या पुढे किती पोरं गेली आणि जो दर वर्षी काठावर पास व्हायचा तो कुठे पोचला, हे बघा. (पेपर सोपा काढला होता का, तेही बघावं लागतं, पण तो विषय शिक्षकांपुढे काढू नये.) उन्हाचंही तसंच. एका दिवसाचा उच्चांक म्हणजे पहिला आलेला पोरगा. बदल दिसतो तो सरासरीत, तापलेल्या दिवसांच्या संख्येत आणि मुख्य म्हणजे रात्रीत.

रात्रीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ ती शोषतात आणि थोडी परत खाली पाठवतात. हे कुण्या पुढाऱ्यानं किंवा टीव्हीवाल्यानं काढलेलं नाही. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईनं १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आणि उशिरा निवली. स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८९६ मध्ये कागदावर हिशेब मांडला की हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून त्याची रोज मोजणी चालू आहे. तेव्हा दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. कोळसा-तेल जाळायला लागण्याआधी तो २८० च्या आसपास होता. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं २०२४ हे साल त्या जुन्या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त गरम गेलं. गेल्या शतकाच्या मध्यापासून जगात बहुतेक ठिकाणी दिवसापेक्षा रात्री जास्त वेगानं तापल्या. वायूचं काम रात्रीही चालू असतं, त्याच्याशी हे जुळतं.

लहानपणी आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर झोपायचो. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, गोधड्या टाकायच्या आणि पहाटे चारच्या सुमाराला आई अंगावर चादर ओढून द्यायची. आज पहाटे चारलाही कुलर बंद करायची हिंमत होत नाही. हे मी सांगतो तेव्हा समोरचा लगेच मान डोलावतो. मग मीच त्याला थांबवतो, कारण ही आठवण पुरावा नव्हे. त्या वेळचं घर धाब्याचं होतं: लाकडाच्या सरांवर जाड माती, भिंतीही मातीच्या. आता डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे आणि तो दिवसभराचं ऊन रात्री अकरापर्यंत घरात ओततो. माझ्या घामाला हवा जबाबदार आहे तसा माझा स्लॅबही आहे, आणि तो मीच टाकलाय, बँकेचं कर्ज काढून.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. आमच्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एक म्हणते, काही बदललेलं नाही. दुसरी म्हणते, सगळं हवामान बदलानंच झालं. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही, पण दोघांचा फायदा एकच आहे: आपल्याला काही करावं लागत नाही.

पहिल्या जातीतले एक अप्पा रोज सकाळी टपरीवर माझ्याशी भांडतात. "सर, उन्हाळा तो उन्हाळाच." परवा भांडता भांडताच त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरला. आपल्या महसूल मंडळाचं कालचं कमाल तापमान किती नोंदलं गेलं, ते बघत होते. केळीचा विमा हवामानावर आहे. मंडळातल्या हवामान केंद्रात ठरावीक अंशांच्या वर पारा सलग इतके दिवस राहिला तर पैसे मिळतात, आपल्या बागेत काय झालं ते कुणी बघत नाही. चार दिवस भरले होते, पाचव्या दिवशी अर्ध्या अंशानं हुकलं. अप्पांनी त्या केंद्राला अशी काही शिवी हासडली की चहावाल्यानं गाळणी खाली ठेवली. मी म्हटलं, "अप्पा, उन्हाळा तो उन्हाळाच ना?" त्या दिवशीचे चहाचे पैसे त्यांनी दिले नाहीत.

दुसऱ्या जातीवर मला जास्त राग येतो, कारण ती माझीच भाषा बोलते. विहीर आटली, हवामान बदल. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, हवामान बदल. तो रोग पसरवते मावा ही कीड, आणि मावा पोसला जातो बांधावरच्या तणावर आणि शेजारच्या काकडीवर्गीय पिकांवर. ढगाळ हवेचा हात त्यात असेल, पण तण आपलंच. भाषण ठोकणाऱ्यांना हा शब्द फार सोयीचा सापडलाय. आभाळावर खापर फोडलं की खाली कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

पाण्याचंच बघा. आमच्या शेतात वडलांची विहीर आहे, ८५ फुटांची, पक्की बांधलेली. मोटेचं पाणी पडायचं तो थारोळ्याचा दगड अजून जागेवर आहे, त्यावर पाण्याच्या धारेनं गुळगुळीत खळगा पडलाय. मोट ओढणाऱ्या बैलांची धाव मात्र आम्ही बुजवली, तिथे आता ठिबकची फिल्टर टाकी उभी आहे. बाहत्तरच्या दुष्काळातही या विहिरीत बागेपुरतं पाणी होतं असं आई सांगायची. आज तिच्यात पिंपळाचं रोप उगवलंय आणि पारव्यांनी घरटी केली आहेत. पहिली बोअर आम्ही १९९१ मध्ये मारली, मोटर सात पाइपांवर होती. आमच्याकडे पाणी फुटांत मोजत नाहीत, "किती पाइपवर आहे?" असं विचारतात. एक पाइप वीस फुटांचा. दर चार-पाच उन्हाळ्यांनी मोटर वर काढायची, एखादा पाइप जोडायचा आणि पुन्हा खाली सोडायची. आज ती चौदा पाइपांवर आहे. हे सात पाइप कुठल्या वायूनं खाल्ले नाहीत. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात आम्ही सगळ्यांनी मिळून ते उपसले, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागण) आणि कांदेबाग (पावसाळा सरतानाची) अशी बारा महिने केळी उभी ठेवून.

ठिबक आलं तेव्हा मी स्वतः गावात भाषण केलं होतं की आता पाणी वाचणार. वाचलंही. मोकाट पाणी देणं बंद झालं. मग वाचलेल्या पाण्यावर आम्ही आणखी दोन बिघे केळी लावली, शेजाऱ्यानं चार. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारनं वीजबिल माफ केलं. मलाही ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू? पण बटण दाबायला काही पडत नाही म्हटल्यावर बंद करायची आठवण कुणाला राहील? शिवाय २८० फुटांवरून पाणी ओढायला वीज लागते आणि आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या भुसावळच्या वाटेवर लांबूनच दिसतात. म्हणजे पाणी खाली गेलं म्हणून वीज जास्त, विजेसाठी कोळसा जास्त. हवेचा आणि पाण्याचा, असे दोन वेगळ्या वह्यांतले हिशेब इथे एका पानावर येतात.

ते आणखी एका ठिकाणी एकत्र येतात, आणि मला खरी भीती तिथे वाटते. सातपुड्यातून नद्या-नाले खाली उतरतात तिथे डोंगराच्या पायथ्याशी गोटे, वाळू, रेती यांचा जाड थर आहे. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. पाणी तिथून गेलं की झिरपतं आणि खालच्या गाळाच्या प्रदेशातल्या आमच्या बोअरींना मिळतं. पण झिरपायला सवड लागते. पाऊस आठवडाभर रिमझिम पडला तर गोटे पाणी पितात, तोच तीन तासांत कोसळला तर गढूळ लोंढा थेट तापीत जातो आणि पुढे गुजरातच्या उकाई धरणात. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणून कोसळणारा पाऊस जगभर वाढतोय. म्हणजे हवा भरणा कमी करतेय आणि आम्ही उचल वाढवतोय. अशा वेळी खातं कुणामुळे बुडालं, या वादात दोघेही खुशाल एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

तापीच्या मेगा रिचार्जवर आमच्याकडे वर्षानुवर्षं भाषणं झाली. पुराचं पाणी कालव्यांनी याच पायथ्याच्या पट्ट्यात नेऊन जिरवायचं, अशी ती कल्पना. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं त्याचा करार केला. व्हावं ते काम. फक्त माझा एक प्रश्न कुठल्याच सभेत कुणी घेत नाही: जिरवलेलं पाणी वर कोण आणि किती काढणार?

याचं उत्तर खान्देशातच एकेकाळी होतं. धुळ्याकडच्या पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून तिचे अवशेष आहेत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला गावानं नेमलेला पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड सगळ्यांचेच कोरडे राहायचे. 'माझं शेत, माझी बोअर' ही भाषाच तिथे नव्हती. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं नव्वदच्या दशकात जंगलाला असाच नियम लावला. चारशेहून अधिक हेक्टर रान गावानं राखलं आणि कुऱ्हाड चालवणाऱ्याला दंड ठेवला. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याला आमच्याकडून सहली जातात. पोरं जेवून, फोटो काढून परत येतात.

"मग अमेरिकेला सांगा ना सर," हा पुढचा बाण. सांगायलाच हवं. तिथला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला साधारण दोन टन. आणि त्या दोन टनांत धडगावच्या पाड्यावरची बाई आणि मुंबईचा उद्योगपती एकाच पंगतीला बसवलेत. ते देणं मागत राहावं, कणभर सोडू नये. पण अमेरिकेनं उद्या सगळा धूर थांबवला तरी माझी मोटर सात पाइपांवर परत येणार नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी दोन वह्या काढायला सांगतो. रात्रीचा उकाडा, कोसळता पाऊस यांत जगाच्या वहीतलं पुष्कळ आहे. तिथे 'पहिल्यापासूनच होतं' म्हणून सूट देऊ नका. पाइप मात्र आपल्या वहीत लिहा. कुठलं कशात घालायचं हे दर वेळी कळत नाही. जूनच्या वादळात घड निसवलेली केळीची बाग आडवी झाली की मलाही कळत नाही. वादळं पूर्वीही यायची, आणि बागेभोवतीची वारा अडवणारी शेवरी आम्हीच काढून टाकली होती, दोन ओळी केळी जास्त बसतात म्हणून.

हे लिहीत असताना धाकटा भाऊ दारात येऊन गेला. मोटर पाणी तोडतेय, अर्धा तास चालली की हवा फेकते. बोअरची गाडी या आठवड्यात शेजारच्या शिवारात आहे, परवा आपल्याकडे येऊ शकते, त्यानं अ‍ॅडव्हान्सही दिलाय. मी म्हटलं, "या वर्षी कांदेबाग नको लावू, हरभरा कर." तो म्हणाला, "दादा, ते तुमच्या लेखात लिहा. पोराची फी हरभऱ्यावर भरू का?" मला उत्तर सुचलं नाही. गाडी परवा सकाळी यायची आहे.