छत कापायच्या आधी: मस्टँग कूपची कन्व्हर्टिबल करताना

एक काड्यापेटी घ्या. बंद असताना दोन्ही टोकं धरून पिळा, ती दाद देत नाही. आता आतला खण बाहेर काढा आणि तो पिळा. दोन बोटांच्या जोरात वाकडा होतो. कूप, म्हणजे पक्क्या छताच्या दोन दारी गाडीचं छत कापलं की तिचाही असाच उघडा खण होतो. म्हणून या कामातलं पहिलं वेल्डिंग छतापाशी नसतं, खाली दाराखालच्या पेटीत, म्हणजे रॉकरमध्ये असतं. छत कापायची वेळ येते तेव्हा निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असायला हवं.

इथे १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप, म्हणजे तिची कूप, धरली आहे. जाणकार तिला मसल कार (दांडग्या इंजिनाची गाडी) न म्हणता पोनी कार (आटोपशीर, स्पोर्टी गाडी) म्हणतात, पण पत्र्याच्या कामाला त्याने फरक पडत नाही. ही गाडी निवडायचं कारण असं की फोर्डने त्याच वर्षांत तिची कन्व्हर्टिबल, म्हणजे घडीच्या छताची गाडीही विकली. कंपनीने कुठे पत्रा जाड केला, कुठे नवी पेटी बसवली, याचा नमुना तयार आहे आणि त्यातले बरेच भाग आजही नवे मिळतात. शिवाय या हार्डटॉपला दाराच्या मागे खांब नाही आणि दाराच्या काचेला चौकट नाही, त्यामुळे दारं जशीच्या तशी वापरता येतात. शेव्हरोले इम्पालासारख्या गाडीला खाली वेगळी चेसिस असते. तिचा हिशेब निराळा, तो इथे लावू नका.

कायद्याचं आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण तिची अटच अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडीत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे छत कापलेली कूप आपल्या नागपूरच्या वर्धा रोडवर फिरवायची नाही. ती खासगी आवारात आणि प्रदर्शनात ठेवायची गाडी. आणि कूप पूर्ण, मूळ इंजिनासह, चांगल्या छताची असेल तर तिला हात लावू नका, अशी गाडी पुन्हा मिळत नाही. छत दबलेला, कुजलेला, कागदं नसलेला सांगाडा असेल तरच हे काम शोभतं.

सांगाडा आला की आधी त्याला नीट उभा करा. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) बॉडीच्या मधोमध लावायच्या नाहीत. पुढे सस्पेन्शनचा भार जिथे येतो तिथे आणि मागे पाट्याच्या स्प्रिंगच्या पुढच्या डोळ्याजवळ लावा. इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर असू द्या. २८९ घन इंचाचं व्ही-८ इंजिनच २०० किलोच्या वर आहे. ते काढून पेटी बांधली आणि नंतर बसवलं तर नाक खाली झुकतं आणि दाराची फट वर उघडते. इंजिन नसेल तर तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या त्या जागी ठेवा. दारं लावलेली हवीत, बिजागऱ्यांच्या पिना नव्या हव्यात. सैल बिजागरी खोटं माप देते.

मग मापं. चेसिस रेलच्या (या गाडीत बॉडीच्याच तळाला जोडलेल्या लांब पेट्यांच्या) मूळ भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा आणि त्यांचे कर्ण मोजा. डावा-उजवा फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे, ती आधी ओढून सरळ करा. दाराच्या उघाडीत वरच्या बिजागरीपासून मागच्या लॉकच्या खुंटीपर्यंत, आणि एका बाजूच्या बिजागरीपासून दुसऱ्या बाजूच्या खुंटीपर्यंत, अशी चार मापं भिंतीवर लिहून ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी मोजा. तीन मीटर लोखंड २० अंशांनी तापलं तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतं, आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टिनाच्या शेडखाली एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली की गाडी तेवढ्यापुरती वाकडीच असते. दुपारचं माप धरून वेल्डिंग केलं की चूक कायमची होते.

आता आधाराचा सांगाडा. २५ × २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरपा, आणि दोन्ही बाजूंना जोडणारे दोन आडवे. पाइप आतल्या अंगाने लावा, म्हणजे दार उघडझाप करता येईल, कारण पुढचं सगळं काम दाराच्या फटीकडे बघतच करायचं आहे. जो भाग बदलायचा आहे त्यावर आधार टाकू नका. ही चूक फार होते. आधार रॉकरवर टाकतात आणि मग रॉकरच कापायला घेतात.

पत्रा लोहाओळीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात घ्यायला गेलात तर नुसतं गेज सांगू नका. मिलिमीटर सांगा आणि व्हर्नियरने मोजून घ्या. १८ गेज म्हणजे १.२, १६ गेज १.६, १४ गेज २ मिलिमीटर. सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा हवा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि टाका सच्छिद्र राहतो.

दाराखालची पेटी म्हणजे रॉकर, आणि सगळ्या कामाचा जीव तिच्यात आहे. कन्व्हर्टिबलचे जाड आतले रॉकर मिळाले तर तेच घ्या. नाही मिळाले तर २ मिलिमीटरच्या पत्र्याची इंग्रजी सी आकाराची पट्टी वाकवून मूळ पेटीच्या आत, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अखंड बसवा. मध्ये जोड नको. पट्टीला दर ४० मिलिमीटरवर ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरायची. सीओटू वेल्डिंग, ०.८ ची तार, बॅटरीची मायनस काढलेली. एका ओळीत सलग भरत जाऊ नका. चार भोकं डावीकडे, चार उजवीकडे, मग पुन्हा पुढच्या टोकाला, आणि मध्ये पत्र्याला हात लावता येईल इतका गार होऊ द्या. एका बाजूला सलग वेल्ड मारला की आकसताना तो गाडीलाच ओढतो आणि दाराची मागची फट वर ६ आणि खाली ३ अशी होते. हे नंतर पुट्टी भरून लपवता येतं, पण दार लागताना आवाज सांगतोच. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी वेल्ड चालेल असा झिंक प्रायमर मारा. पेटीच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. पेटी आतून कुजण्याचं पहिलं कारण हेच असतं.

रॉकरला चेसिस रेलशी जोडणारी पेटी म्हणजे टॉर्क बॉक्स. कन्व्हर्टिबलला पुढे दोन्ही बाजूंना असतात. कूपला दोन्हीकडे असतीलच असं नाही, खाली झोपून बघा. नसेल तिथे २ मिलिमीटरच्या पत्र्याची बंद पेटी बनवा. उघडी ठेवलेली पेटी पेटीच नव्हे, काड्यापेटी आठवा. त्यानंतर पुढच्या सीटखाली १.६ मिलिमीटरचा सपाट पत्रा, गिअरबॉक्सच्या बोगद्याखालून आडवा, या रॉकरपासून त्या रॉकरपर्यंत. शेवटी पुढची रेल संपते तिथून मागची रेल सुरू होते तिथपर्यंत ५० × ५० × ३ चा बॉक्स पाइप, दोन्ही बाजूंना. मीटरला सव्वाचार किलो भरतो, दोन्ही मिळून १२ किलोच्या आसपास. तो टोकांना जोडून सोडू नका, फ्लोअरलाही जागोजागी टाके द्या. वजन वाढतं, वाढू द्या. कंपनीची कन्व्हर्टिबलही कूपपेक्षा बरीच जड होती. मात्र या गाड्यांना ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. जड केलेल्या गाडीला दोन सर्किटचा मास्टर आणि पुढे डिस्क बसवल्याशिवाय ती हलवू नका.

मागचं एक काम बहुतेक जण विसरतात. कूपमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली जो फळीसारखा पत्रा असतो, तो नुसता सामान ठेवायला नाही. मागच्या दोन चाकांच्या खोक्यांना तो धरून ठेवतो. छत घडी होऊन बसायला जागा हवी म्हणून तो कापावाच लागतो, पण त्याच्या बदल्यात सीटच्या पाठीमागे, खोक्यापासून खोक्यापर्यंत, ४० × ४० × २ चा आडवा पाइप आणि टोकांना त्रिकोणी पत्रे आधी बसवा. हे राहिलं तर गाडी पुढून घट्ट आणि मागून सैल होते, डिकीचं झाकण खड्ड्यात वाजतं.

आता पुन्हा चारही मापं घ्या. जुळली तरच छत. पुढचे काचेचे खांब आत्ताच कापू नका, आणि छताची पुढची १०० मिलिमीटरची पट्टी शेवटपर्यंत राहू द्या. ती काचेची चौकट धरून ठेवते. मागे छताचा क्वार्टर पॅनलशी (मागच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याशी) जो जोड आहे तो कारखान्यात शिशाने भरलेला असतो. त्यावर ग्राइंडर चालवू नका, ती धूळ विषारी आहे. बर्नरने हळू तापवून लाकडी पट्टीने शिसं खाली ओढा, मोकळ्या हवेत, चांगला मास्क लावून. खालचे स्पॉट दिसले की ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने सोडवा.

समोरच्या काचेच्या बाबतीत फसगत ठरलेली. कूपची आणि कन्व्हर्टिबलची काच एक नाही. त्यामुळे वरची आडवी पट्टी, म्हणजे हेडर, आधी ठरवा, काच हातात घ्या, मगच खांबांची उंची कापा. खांबाच्या पोकळीत २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, २ जाडीचा पाइप खालपर्यंत उतरवून भोकांतून वेल्ड करा. छत बंद होताना सगळा ओढा याच चौकटीवर येतो.

छताची यंत्रणा पूर्ण विकत घ्या, घरी बनवू नका. तिच्या दोन बाजूंचे धुरे, ज्यांवर छत फिरतं, एका रेषेत हवेत. त्यासाठी दोन्ही भोकांतून एक सरळ सळई आरपार घाला. १५० मिलिमीटरच्या ब्रॅकेटमध्ये ३ मिलिमीटरचा तिरपेपणा राहिला तर सव्वा मीटर पुढे, हेडरपाशी, तोच २५ मिलिमीटर होतो आणि एका बाजूचा हुक लागतो, दुसऱ्या बाजूचा हवेत राहतो. ब्रॅकेटखाली ५ मिलिमीटरची पाटी आणि १० च्या बोल्टचे नट आतून वेल्ड केलेले हवेत.

कापड बसवायची वेळ नागपुरात फार महत्त्वाची. मे महिन्यात ४५ अंशांत व्हिनाइल मऊ होऊन भरपूर ताणलं जातं, ते दिसतं सुरेख, आणि जानेवारीच्या पहाटे आकसून हुक हेडरपर्यंत पोचत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली दुपार धरा, सावलीत २५ ते ३० अंश. आधी बाजूचे पट्टे, मग मागच्या काचेचा पडदा, मग वरचं कापड, मधून कडेकडे. स्टेपल आधी अर्धेच ठोका, छत दोनदा बंद-उघड करून मग पक्के करा. त्यानंतर दोन दिवस छत बंदच ठेवा. आपल्या उन्हासाठी व्हिनाइलपेक्षा कॅनव्हासचं विणलेलं कापड बरं, ते तडकत नाही. मागे पारदर्शक प्लॅस्टिक असेल तर धुळीसकट कधी घडी करू नका, एकाच उन्हाळ्यात ते धुरकट होतं. छत ज्या खड्ड्यात बसतं त्याला दोन्ही कोपऱ्यांत १२ मिलिमीटरची नळी देऊन पाणी चाकाच्या मागे काढा, आणि जूनच्या आधी पाण्याचा पाइप सोडून तपासा. रॉकरच्या पोकळीत मेण याच वेळी मारा.

आधाराचे पाइप एकदम काढू नका. एक काढा, दार लावून बघा, मग दुसरा. सगळे निघाले की पुढचं एक चाक जॅकने जमिनीपासून वर उचला. त्या बाजूचं दार उघडून लावता आलं पाहिजे आणि फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलता कामा नये. बदलली तर टॉर्क बॉक्सचे टाके तपासा, दोष बहुधा तिथेच निघतो.

चालवून बघायला आवारात जागा हवी. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर बसतात तसे धक्के द्यायला १२ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या साडेचार मीटरच्या अंतराने टाका आणि ताशी ४० किलोमीटरने जा. आतल्या आरशातलं चित्र थरथरलं तर दोष काचेच्या चौकटीत. स्टिअरिंगचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलला तर रॉकर आणि पुढच्या रेलचा जोड कमी पडतो आहे. दोन्ही स्थिर आणि फक्त दारं कुरकुरत असतील तर ती रबराची गोष्ट आहे, लॉकची खुंटी अर्ध्या मिलिमीटरने आत घेऊन बघा.