पॅरलेला बोर्डवरील दुसरी फेरी

पॅरलेला या छोट्या संगणक-बोर्डवरील एपिफनी चिपच्या सोळाही कोअरमध्ये (स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या भागांमध्ये) प्रोग्रॅम एकदाच भरायचा आणि पुन्हा न भरता हवा तितक्या वेळा चालवायचा, हे काम मी रत्नागिरीतील घरी या पावसाळ्यात हाती घेतले आहे. हा बोर्ड 2012 साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर जाहीर झाला होता. प्रत्येक फेरीला ई_लोड (कोअरमध्ये प्रोग्रॅम भरणारे फंक्शन) वापरत राहिले, तर लहान गणितापेक्षा भरण्यातच जास्त वेळ जातो. याउलट ई_स्टार्ट हे फंक्शन केवळ सिंक इंटरप्ट, म्हणजे कोअरला सुरू होण्याचा इशारा, उठवते आणि कोअर शून्य पत्त्यापासून पुन्हा धावू लागतो. मात्र त्याच्या 32 केबी स्थानिक मेमरीत मागच्या फेरीने जे ठेवले ते तसेच राहते, आणि माझ्या सगळ्या चुका येथूनच निघाल्या.

चाचणीसाठी मी 1 ते 1600 या संख्यांची बेरीज निवडली. प्रत्येक कोअरकडे शंभर संख्या दिल्या. बेरीज साठवण्याचा पत्ता मी हाताने ठरवला होता आणि होस्ट प्रोग्रॅम (बोर्डच्या मुख्य प्रोसेसरवर चालणारा, कोअरना कामाला लावणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला एकदाच तेथे शून्य लिहीत असे. पहिल्या फेरीत 1280800 हे अचूक उत्तर आले, दुसऱ्या फेरीत 2561600. बरोबर दुप्पट आल्यामुळे दोष लगेच ओळखता आला, हे एका अर्थी भाग्यच. आता प्रत्येक कोअर मेन या मुख्य फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आपली बेरीज स्वतः शून्य करतो.

पुढची चूक मात्र दोन दिवस लपून राहिली. तोवर होस्ट ठरावीक वेळ थांबून उत्तर वाचत असे. त्याऐवजी मी प्रत्येक कोअरला काम संपल्यावर स्थानिक मेमरीत 1 लिहायला लावले. दुसरी फेरी क्षणात संपली आणि उत्तरही बरोबर दिसले. इतक्या वेगाचा संशय आला, म्हणून मी संख्या 1 ते 800 केल्या. अपेक्षित उत्तर 320400 होते, तरीही समोर पुन्हा 1280800 आले. मागच्या फेरीचा 1 तसाच असल्यामुळे होस्ट थांबतच नव्हता आणि जुनेच उत्तर वाचत होता. एकाच उत्तराची चाचणी पुन्हा पुन्हा चालवणे किती फसवे असते, हे मला येथे उमगले. आता 1 या खुणेऐवजी फेरीचा क्रमांक लिहिला जातो आणि सोळाही कोअरकडे तोच क्रमांक दिसेपर्यंत होस्ट वाट पाहतो.

तरीही अधूनमधून एखाद्या कोअरची बेरीज मागच्या फेरीची निघत असे. उत्तर बोर्डच्या डीरॅममधील (मुख्य मेमरीतील), होस्ट आणि कोअर दोघेही वापरतात अशा सामायिक भागात जात होते आणि क्रमांक कोअरच्या स्वतःच्या मेमरीत. दोन वेगवेगळ्या ठिकाणी केलेली लेखने त्याच क्रमाने पोहोचतील अशी हमी ही चिप देत नाही, त्यामुळे क्रमांक आधी दिसे आणि उत्तर मागाहून येई. आता दोन्ही सामायिक भागातच लिहितो, आधी उत्तर आणि नंतर क्रमांक.

शेवटचा दोष आषाढातल्या पावसाने दाखवला. आमच्याकडे लाईट गेल्यावर बोर्ड इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. एका रात्री त्यामुळे माझी बोर्डशी असलेली जोडणी तुटली आणि तिच्यावरून सुरू केलेला होस्ट प्रोग्रॅम पहिल्याच फेरीनंतर बंद झाला. सामायिक मेमरी मात्र शाबूत होती. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर तो क्रमांक 1 ची वाट पाहू लागला आणि तेथे कालचा 1 आधीच होता. म्हणून आता होस्ट पहिल्या ई_स्टार्टपूर्वी सोळाही क्रमांक शून्य करून घेतो.

काल रात्री दोन्ही संख्यामाला आळीपाळीने देत मी दोनशे फेऱ्या चालवल्या. प्रत्येक उत्तर जुळले. पुढच्या नोंदीत मॅट्रिक्सचा गुणाकार घेणार आहे. त्यात कोअर एकमेकांच्या मेमरीत लिहितील, तेव्हा शेजारी कोअर आधीच्या फेरीत अडकलेला असताना त्याच्या मेमरीत लिहिले जाणार नाही, याची व्यवस्था आधी करावी लागेल.