सिगारेट आणि मुलाचा ताबा

आज मैत्रिणीसोबत कौटुंबिक न्यायालयात होते. "नवरा सिगारेट ओढतो, मग पोरगा त्याच्याकडे कसा द्यायचा?" हा तिचा हुकमी मुद्दा. वकीलबाईंनी एवढंच विचारलं: मुलाला दमा आहे का? तो घरात ओढतो का?

प्रश्न रास्तच. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित पातळीच नसते, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) अहवालात २००६ सालीच आलंय. मुलांचा दमा बळावतो, कान सारखे दुखतात. खिडकी उघडून भागत नाही. तेव्हा घरात-गाडीत ओढायचं नाही, अशी अट कोर्टानं जरूर घालावी. मोडली तर ताबा जाऊ दे. पण बाहेर जाऊन ओढणाऱ्या, तापात रात्रभर उशाशी बसणाऱ्या बापाला नुसत्या व्यसनावरून बाद करायचं? तो (स्पष्टच बोलते) नवऱ्यावरचा राग झाला. मैत्रीण भडकलीये माझ्यावर. भडकू दे.